मंत्रालयातून न्यायासनाकडे
न्यायमूर्ती कसे घडतात : लेखांक ६

जून १९७५. सर्वोच्च न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागलेली आणि तातडीची कामं न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्याकडे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जूनला इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली होती. केंद्रीय कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी अय्यरांना फोन करून भेट मागितली. काम काय, असं अय्यरांनी विचारलं. अपिलाचं आहे म्हटल्यावर भेटीची गरज नाही, रजिस्ट्रीत दाखल करा, असं सांगून त्यांनी विषय संपवला.

गंमत अशी, की गोखले मुंबई उच्च न्यायालयाचं न्यायमूर्तिपद सोडून पुढे राजकारणात आलेले, तर अय्यर नेमके उलट्या वाटेने गेलेले.

अय्यर मूळचे मलबारातल्या तलश्शेरीचे वकील. वडीलही वकील, त्यामुळे १९३८च्या सुमारास त्यांच्याच हाताखाली सुरुवात झाली. अशिलांत शेतमजूर, कुळं, कामगार बरेच, आणि पुढे पोलिसांनी धरलेले कम्युनिस्टही. या वकिलीपायी १९४८मध्ये अय्यरांनाच महिनाभर तुरुंगाची हवा खावी लागली. १९५२मध्ये ते अपक्ष म्हणून मद्रास विधानसभेत गेले. केरळ राज्य झाल्यावर १९५७मध्ये तलश्शेरीतून निवडून आले आणि ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. गृह, कायदा, तुरुंग, पाटबंधारे, वीज अशी खाती त्यांच्याकडे होती. जुलै १९५९मध्ये केंद्राने ते सरकार बरखास्त केलं. अय्यर पुन्हा वकिलीकडे वळले. १९६५ची निवडणूक ते हरले. १९६८मध्ये ते केरळ उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. तेव्हा राज्यात पुन्हा नंबुद्रिपादांचंच सरकार होतं. त्यानंतर गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगावर काम करून जुलै १९७३मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात पोचले.

या नेमणुकीवर मुंबईतले नामवंत वकील उघडपणे नाराज झाले. सोली सोराबजी त्यांच्यातलेच एक. आक्षेप अगदीच हवेतला नव्हता. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश केलं होतं आणि सरकारला ‘बांधील’ न्यायमूर्ती हवेत, अशी चर्चा जोरात होती. अशा वेळी डाव्या सरकारातला माजी मंत्री आलेला पाहून कुणाच्याही भुवया उंचावणारच. आपला अंदाज चुकला, हे सोराबजींनी पुढे मोकळेपणाने मान्य केलं.

आता परत जून १९७५कडे. इंदिरा गांधींच्या स्थगितीच्या अर्जावर त्यांच्या बाजूने नानी पालखीवाला उभे राहिले, तर त्यांच्या निवडणुकीला आव्हान देणाऱ्या राजनारायण यांच्यातर्फे शांतिभूषण. २४ जूनला अय्यरांनी सशर्त स्थगिती दिली: पंतप्रधान पदावर राहतील, सभागृहात बसतील, पण खासदार म्हणून मतदान करणार नाहीत, वेतन घेणार नाहीत. अशा प्रकरणात तोवर मिळत आलेली स्थगिती साधारण याच मापाची होती. निकालाने कुणीच खूश झालं नाही. दुसऱ्याच रात्री आणीबाणी आली.

पण अय्यरांनी राजकारणातून आणि गावच्या वकिलीतून न्यायालयात काय आणलं, हे पाहायचं तर लहान माणसांचे खटले पाहावेत. १९७८मधला मध्य प्रदेशातल्या मोतीरामचा खटला घ्या. हा गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, पण दंडाधिकाऱ्याने मागितला १०,००० रुपयांचा जामीनदार. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तोही नाकारला. कागदावर जामीन आहे आणि माणूस कोठडीतच! अय्यरांनी १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला लावलं. मग दक्षिणेतला माणूस उत्तरेत पकडला गेला, तर त्याने त्याच जिल्ह्यातला जमीनदार जामीन कुठून आणायचा, असा रोकडा सवालही निकालात घातला. तालुक्याच्या कोर्टाबाहेर जामीनदाराच्या शोधात फिरणारी माणसं पाहिलेल्याला हा प्रश्न सुचणारच.

मुंबईच्या नागदेवी भागातल्या छोट्या दुकानांतल्या कामगारांचा बोनस १९७६मध्ये त्यांच्यापुढे आला. संघटनेला दावा लढवायचा अधिकारच काय, हा मालकांचा मुद्दा त्यांनी मानला नाही. गरिबाच्या दाव्यात दाराशीच तांत्रिक अडसर नको, ही त्यांची भूमिका. जनहित याचिकेची मुळं शोधणारे या निकालापाशी थांबतात. तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्राने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल पत्र लिहिलं, तर त्या पत्रालाच याचिका मानून सुनावणी झाली. स्वतः आत राहिलेला आणि तुरुंग खातं सांभाळलेला माणूस समोर होता. रतलामच्या नगरपालिकेने उघड्या गटारांसाठी पैसे नाहीत म्हटलं, तेही त्यांनी १९८०मध्ये चालू दिलं नाही.

त्यांची इंग्रजी मात्र भलतीच अलंकारिक. चांगले चांगले वकील शब्दकोश उघडत. गरिबांसाठी लिहिलेला निकाल गरिबाच्या वकिलालाही एका वाचनात कळू नये, ही तक्रार रास्तच आहे.

नोव्हेंबर १९८०मध्ये ते निवृत्त झाले. १९८७मध्ये विरोधी पक्षांनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी उभं केलं; आर. वेंकटरमण जिंकले. ४ डिसेंबर २०१४ रोजी कोचीत त्यांचं निधन झालं.

पुढच्या लेखांकात बहरुल इस्लाम: राज्यसभेतून उच्च न्यायालयात, तिथून सर्वोच्च न्यायालयात आणि १९८३मध्ये राजीनामा देऊन थेट काँग्रेसच्या उमेदवारीकडे. अय्यरांच्या बाबतीत खोटी ठरलेली शंका त्यांच्या बाबतीत किती खरी ठरली, ते तिथे पाहू.