अंथरुणासाठी चादर घेताना



कापूस आपण पिकवतो, विकतो, अन् बाजारातून घरी आणतो ती फुलाफुलांची चकचकीत चादर मात्र पॉलिस्टरची! स्वस्त पडते, लवकर वाळते, हे खरे. पण ती घाम शोषत नाही. उन्हाळ्यात रात्रभर अंगाला चिकटते. ज्याला पहाटे दारे धरायला जायचे, त्याची झोप मोडते.

दुकानदार 'शुद्ध सुती' म्हणेलच. आपण कडेचे दोन धागे मागून घ्यावेत आणि बाहेर येऊन काडीने पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळतो, राख बोटाने चुरगळते. पॉलिस्टर वितळून आक्रसते, मागे कडक मणी राहतो. (मण्याला लगेच हात लावू नका, चटका बसतो.) राखही झाली आणि मणीही राहिला, तर मिश्रण समजा. सुती चादर पहिल्या धुण्यात आटते, म्हणून बाजेपेक्षा वीतभर लांबच घ्या. थंडीला जुन्या लुगड्यांची गोधडी आहेच.

आता ढेकणांचे. काही जण पिकावरची पावडर गादीवर भुरभुरतात. हे अजिबात करू नका! ते विष श्वासातून, कातडीतून अंगात जाते. लहान मुलांना धोका अधिक. कीटकनाशकाची रिकामी पोतीही अंथरू नका. सुती चादरी उकळत्या पाण्यात बुडवा, रंग थोडा उतरला तरी चालेल. बाजेच्या सांध्यांत, नवारीत उकळते पाणी ओता. अंडी शिवणीत, फटीत लपून राहतात, तेव्हा आठ-दहा दिवसांनी हेच पुन्हा करा.