छापली दहा पानं, मग कार्ट्रिजमधली शाई गेली कुठे?

महाड-पोलादपुरात पाऊस लागला की लाईटचा खेळ सुरू होतो. घरच्या इंकजेट प्रिंटरला हा खेळ भलताच महाग पडतो.

प्रिंटरमध्ये शाई सोडतं ते हेड. त्याची छिद्रं केसापेक्षाही बारीक. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद केला तर हेड कडेला जाऊन टोपणाखाली बसतं. पण छपाई चालू असताना लाईट गेली, किंवा कुणी भिंतीवरचा स्विच खटकन बंद केला, की हेड मध्येच उघडं राहतं आणि शाई सुकते. मग प्रिंटर ते साफ करतो. कशाने? शाईनेच! कागदावर न येता ती आतल्या स्पंजमध्ये जिरते.

महिन्याला एखादा सातबारा आणि पोरांच्या प्रोजेक्टची चार पानं, एवढंच छापणाऱ्या घराला हा फटका जास्त. एचपीच्या 682 नंबरच्या काळ्या कार्ट्रिजवर कंपनी साधारण 480 पानं सांगते, पण ती सलग छपाईची. अधूनमधून होणाऱ्या सफाईचा त्यात हिशेब नाही.

टाकीवाल्या प्रिंटरची शाई बरीच स्वस्त. एप्सनच्या 003 शाईची 65 मिलीची काळी बाटली 4500 पानांची. मात्र मशीन महाग, आणि पडून राहिलं तर तेही सुकतंच.

पाच-दहाच पानं असतील तर बाजारातलं झेरॉक्सचं दुकान परवडतं. घरीच हवा तर काळा-पांढरा लेझर बघा. त्यात टोनरची पूड असते, ती सुकत नाही.