पाच खंडांचं यकृत

१५३८ साली व्हेनिसमध्ये शरीररचनेची सहा मोठी चित्रं छापली गेली. त्यांतली तीन आंद्रेआस व्हेसालियसनं स्वतः काढलेली. पाडुआच्या विद्यापीठात शिकवणारा हा तरुण तेव्हा तेवीस वर्षांचा होता. माणसांची प्रेतं त्यानं स्वतःच्या हातांनी चिरली होती. तरी त्याच्या चित्रात यकृत उतरलं ते पाच खंडांचं. माणसाचं यकृत तसं नसतंच.

हे पाच खंड आले वैद्य गेलनच्या परंपरेतून. दुसऱ्या शतकातल्या रोममध्ये गेलननं चिरली ती माकडं आणि डुकरं, आणि जनावरांत दिसलेलं पुष्कळ काही माणसाच्या नावे लिहिलं. आपण मटणाच्या दुकानात काळीज मागतो तेव्हा यकृत मिळतं, आणि काळजाचा ठोका चुकतो तो मात्र हृदयाचा. ती नुसती नावांची सरमिसळ. इथं देहांचीच झाली होती आणि ती तेराशे वर्षं टिकली. वर्गात प्राध्यापक उंच आसनावरून ग्रंथ वाचायचे, खाली न्हावी प्रेत चिरायचा. वाचणारे आत डोकावत नसत, चिरणाऱ्याला लॅटिन कळत नसे.

व्हेसालियसनं सुरी आपल्या हाती घेतली, म्हणून त्याचं कौतुक होतं. मला मात्र त्याचं ते चुकलेलं चित्रच अधिक मोलाचं वाटतं. यकृत हातात असतानाही नजरेला पुस्तकातलंच दिसावं, इतकी पक्की ती शिकवण होती! पुढं १५३९ मध्ये पाडुआच्या एका न्यायाधीशानं फाशी गेलेल्यांची प्रेतं त्याला मिळवून दिली. पुन्हापुन्हा पाहता आलं, तशी नजर मोकळी होत गेली. १५४३ मध्ये बाझलला त्याचा सात भागांचा महाग्रंथ निघाला; पाचव्या भागात पोट, सहाव्यात छाती. यकृताचे ते पाच खंड गेले.

हृदयाला आणखी वेळ लागला. दोन जवनिकांमधल्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या, पडद्यात छिद्रं असतात, हे गेलनचं म्हणणं. व्हेसालियसला तिथं खळगे सापडले, आरपार जाणारं एकही छिद्र नाही. तरी १५४३ मध्ये, रक्त त्यातून कसं झिरपतं याचं त्यानं आश्चर्यच केलं. १५५५ च्या आवृत्तीत मात्र, हे कसं घडावं ते मला दिसत नाही, अशा अर्थाचं त्यानं स्पष्ट लिहिलं.

मग रक्त उजवीकडून डावीकडे जातं कुठून? फुप्फुसांतून. पाडुआत व्हेसालियसच्या जागी आलेल्या रेआल्दो कोलोंबोच्या १५५९ च्या ग्रंथात ही वाट सापडते. तेराव्या शतकातल्या इब्न अल-नफीसनं ती अरबीत आधीच लिहून ठेवली होती.