हँडहेल्ड गेमिंग संगणकावरील गेम-सुसंगतता

हँडहेल्ड गेमिंग संगणकावरील गेम-सुसंगतता म्हणजे मूळतः डेस्कटॉप वा लॅपटॉप संगणकासाठी तयार केलेला व्हिडिओ गेम हातात धरून खेळण्याच्या छोट्या संगणकावर कितपत आणि कोणत्या अटींवर चालतो, याचे मापन होय. गेम सुरू होणे ही सुसंगततेची केवळ पहिली पायरी आहे. नियंत्रणे, मजकुराची वाचनीयता, बॅटरी आणि ऑनलाइन सेवा यांवरही ती अवलंबून असते. त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत बनलेले मत पुढे बदलू शकते.

पार्श्वभूमी

निन्टेन्डो स्विचसारख्या कन्सोलसाठी गेम स्वतंत्रपणे तयार करून तपासले जातात. हँडहेल्ड संगणकावर मात्र संगणकाचेच गेम चालवले जातात. व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक २८ फेब्रुवारी २०२२ रोजी बाजारात आला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत १२८० × ८०० पिक्सेलचा ७ इंची पडदा, १६ जीबी स्मृती व ४० वॉट-तास क्षमतेची बॅटरी होती. तो लिनक्सवर आधारित स्टीमओएस या प्रणालीवर चालतो. २०२३ मध्ये आलेल्या असूसच्या आरओजी अ‍ॅलायमध्ये विंडोज ११ ही प्रणाली आहे.

तांत्रिक आधार

बहुसंख्य गेम विंडोजसाठी लिहिलेले असतात. स्टीम डेकमधील प्रक्रियक सर्वसाधारण संगणकाच्याच जातकुळीतील असल्याने गेममधील यांत्रिक आज्ञा बदलाव्या लागत नाहीत. गेमने विंडोजकडे केलेल्या मागण्या मात्र लिनक्सला समजतील अशा रूपात आणाव्या लागतात. हे काम १९९३ पासून विकसित होत असलेले 'वाइन' हे मुक्त सॉफ्टवेअर करते. व्हॉल्व्हने २१ ऑगस्ट २०१८ रोजी त्यावर आधारित 'प्रोटॉन' प्रसिद्ध केले. त्यातील डीएक्सव्हीके हा घटक डायरेक्टथ्रीडीच्या चित्रणविषयक आज्ञांचे व्हल्कनमध्ये रूपांतर करतो.

श्रेणी

व्हॉल्व्हने स्टीम डेकसाठी गेमच्या चार श्रेणी ठरवल्या आहेत : पडताळलेला, खेळण्याजोगा, असमर्थित आणि अज्ञात. पडताळणीत चार बाबी पाहिल्या जातात. सर्व नियंत्रणे यंत्रावरील बटणांनी चालावीत, विसंगतीच्या सूचना मध्येच येऊ नयेत, मजकूर छोट्या पडद्यावर वाचता यावा आणि प्रणालीने गेमला आधार द्यावा, अशी अपेक्षा असते. 'अज्ञात' याचा अर्थ गेम चालत नाही असा नसून त्याची तपासणी झालेली नाही एवढाच आहे. प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर खेळाडू स्वतःचे अनुभव नोंदवतात.

प्रथम वापरातील अडचणी

काही गेम सुरू होण्यापूर्वी प्रकाशकाची वेगळी खिडकी उघडते आणि तेथे परवलीचा शब्द टंकित करावा लागतो. यंत्राला कळफलक नसल्याने नवख्या वापरकर्त्याला गेम बंद पडल्यासारखे वाटते. काही गेममध्ये चित्रफितीच्या जागी रंगीत पट्टे दिसतात. चित्रफितीचे स्वरूप उलगडणारा घटक उपलब्ध नसणे हे त्याचे कारण असते. नव्या दृश्यात प्रथमच प्रवेश करताना गेम क्षणभर अडखळतो, कारण चित्रणासाठी लागणारे छोटे प्रोग्राम त्याच वेळी तयार होत असतात. ते आधीच तयार करून साठवल्यास हा दोष कमी होतो. म्हणून पहिल्या दहा मिनिटांतील अडखळणे हा अंतिम निष्कर्ष ठरत नाही.

ऑनलाइन गेम

लबाडी रोखणारी सॉफ्टवेअर ही सर्वांत कठीण अडचण आहे. ईझी अँटी-चीट व बॅटलआय यांनी २०२१ मध्ये प्रोटॉनला आधार देण्याची सोय केली, परंतु ती स्वीकारणे हे गेमच्या निर्मात्यावर सोपवले आहे. हा निर्णय नंतरही बदलू शकतो. जीटीए ऑनलाइनमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आणले गेल्यावर तो स्टीम डेकवर खेळता येईनासा झाला. अ‍ॅपेक्स लेजंड्सने ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी लिनक्सवरील प्रवेश बंद केला. दोन्ही गेम त्यापूर्वी या यंत्रावर चालत होते.

विंडोज असलेल्या यंत्रावर ही अडचण येत नाही, तरी सुसंगततेचा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. उदाहरणार्थ, व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. विंडोजवर तो सुरू होतो, पण त्याची संगणकीय आवृत्ती गेम-कंट्रोलर स्वीकारत नाही. आरओजी अ‍ॅलायवर तो खेळण्यासाठी कळफलक व माउस जोडावे लागतात, म्हणजेच यंत्र हातात धरून खेळण्याचा हेतू साध्य होत नाही.

भारतातील स्थिती

आरओजी अ‍ॅलाय भारतात जुलै २०२३ मध्ये ६९,९९० रुपये किमतीस उपलब्ध झाला. स्टीम डेकची अधिकृत विक्री २०२४ अखेरपर्यंत भारतात सुरू झाली नव्हती. त्यामुळे आयात केलेले यंत्र घेताना दुरुस्ती व हमीची चौकशी आधी करणे आवश्यक ठरते.

मुंबईच्या उपनगरांत अशा यंत्राचा वापर प्रवासात होऊ शकतो, आणि तेथे सुसंगततेचे निकष बदलतात. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही मेट्रो मार्गिका सुमारे ११.४ किलोमीटर लांबीची आहे. तिच्यावरील संपूर्ण प्रवास अर्ध्या तासाहून कमी वेळाचा असतो. इतक्या वेळात गेम मध्येच थांबवून यंत्र निद्रावस्थेत नेणे व नंतर त्याच क्षणापासून पुढे खेळणे महत्त्वाचे असते. एकट्याने खेळायच्या गेममध्ये हे सहसा साधते. ऑनलाइन सामन्यात मात्र जोडणी तुटते. सतत इंटरनेट मागणारे गेम घरी निर्दोष चालूनही प्रवासात निरुपयोगी ठरू शकतात.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये संगणकावर उपलब्ध झाला. छोटा पडदा व बटणे यांचा विचार अशा गेममध्ये आधीच झालेला असतो.

खरेदी व पडताळणी

स्टीमवर गेम घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास सर्वसाधारणपणे पैसे परत मागता येतात. या दोन तासांत नियंत्रणे, मजकुराचा आकार, निद्रावस्थेतून परतणे, इंटरनेटविना सुरू होणे आणि बॅटरीचा खर्च या पाच गोष्टी तपासता येतात. ऑनलाइन गेमच्या बाबतीत अलीकडील नोंदी पाहणे इष्ट असते, कारण जुनी अनुकूल नोंद आज लागू असेलच असे नाही.