जवळच जायचे आहे म्हणून

रविवारी सकाळी मिस्साला येणाऱ्या गाड्यांकडे सहज लक्ष द्यावे. घरधनी मोटारसायकल चालवतो, मागे पत्नी एका बाजूला पाय सोडून बसलेली, दोघांच्या मध्ये एक मूल आणि पुढे टाकीवर दुसरे. हेल्मेट असलेच तर ते हाताच्या कोपरात अडकवलेले. विचारले की उत्तर ठरलेले, "इथे जवळच तर यायचे होते." बेळगावला जाताना पोलीस आडवे येतात म्हणून हेल्मेट, आणि शेताला, डेअरीला, देवळाला मोकळे डोके, असा आपला हिशेब आहे. तो कोठे चुकतो ते पाहू.

गाडीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर असते. उभ्या गाडीवरून जरी तो कलंडला आणि डोके दगडावर आदळले, तरी त्या क्षणी डोक्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर होतो. म्हणजे गाडी धावायलाही नको. आता ऊसाच्या हंगामात अंधारात रस्त्याकडेला उभी असलेली, मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली डोळ्यांसमोर आणा. ताशी ४० च्या वेगाने तिच्यावर डोके आपटणे म्हणजे वीस फुटांवरून दगडी फरशीवर डोक्यावर पडणे होय. गावाच्या वेशीतला रस्ता असो की हमरस्ता, डोक्याला त्यातला फरक कळत नाही.

मार लागल्यावर आत काय होते? बैलगाडीतून दह्याचे मडके नेताना गाडी जोराने आदळली तर मडके शाबूत राहते, पण दही मोडते. मेंदूचे तसेच आहे. कवटी न फुटताही आत तो हिंदकळतो, बारीक शिरा तुटतात आणि रक्त साठू लागते. म्हणून असा माणूस कधी कधी उठून बसतो, बोलतो, "काही झाले नाही" म्हणत घरी जाऊन झोपतो आणि काही तासांनी बेशुद्ध होतो. पडल्यावर उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे यांतले काहीही दिसले, तर सकाळची वाट पाहू नये.

हेल्मेटचे खरे काम आतला जाड थर्माकोल करतो. बाहेरचे कठीण कवच मार पसरवते. थर्माकोल दबतो आणि डोके एकदम थांबण्याऐवजी दोन-तीन सेंटिमीटर अंतरात थांबते. जीव वाचतो तो या दोन-तीन सेंटिमीटरांत. एकदा दबलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही, म्हणून अपघातातून गेलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी टाकून द्यावे. धाकट्या भावाला तर मुळीच देऊ नये.

ही गोष्ट जगाला फार जुन्या काळी कळलेली नाही. १९३५ साली इंग्लंडात टी. ई. लॉरेन्स हा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला माणूस मोटारसायकलवरून पडून सहा दिवसांनी वारला. डोक्यावर काही नव्हते. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूच्या शल्यविशारदाने पुढे याच प्रश्नाचा अभ्यास करून १९४१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या निरोप्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. अलीकडे अनेक देशांतील पाहण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यांत हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असे आढळले. मान मोडण्यापासून किंवा पाय तुटण्यापासून ते वाचवत नाही, हेही खरे.

विकत घेताना आय.एस.आय. शिक्का आणि ४१५१ हा आकडा पाहावा. कारखान्यातली पिवळी टोपी हे हेल्मेट नव्हे. घट्ट बसणारे घ्यावे, पट्टा लावून मागून वर ढकलून पाहावे. निघून आले तर दुसरे मागावे. पट्टा न लावलेले हेल्मेट माणसाआधी रस्त्यावर पडते. केस गळतात ही तक्रार नेहमीची आहे. आत सुती रुमाल बांधावा, अस्तर धुवावे. बायकांनी अंबाडा खाली, मानेजवळ बांधावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालासुद्धा, हेल्मेट हवे. नवऱ्याच्या डोक्याला आहे आणि बायकोच्या नाही, हे दृश्य मला तरी समजत नाही.

रस्त्यात कोणी पडलेला दिसला तर १०८ ला फोन करावा. तो श्वास घेत असेल तर हेल्मेट ओढून काढू नये, मानेला इजा असू शकते. पाणीही पाजू नये. श्वास अडला किंवा तोंडात उलटी भरली तरच ते काढावे, आणि तेही दोघांनी मिळून. एकाने मान व जबडा खालून स्थिर धरावा, दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेट सरळ, हळू ओढावे.

मिस्साच्या वेळी ते ठेवायचे कोठे, असे विचारतात. बाकाखाली ठेवावे. गाडीच्या आरशावर अडकवू नये, आरशाचे टोक आतल्या थर्माकोलला खड्डा पाडते. शेतघरात पेट्रोल, रॉकेल किंवा औषधाच्या डब्यांशेजारीही ठेवू नये. पेट्रोल लागले की थर्माकोल विरघळतो, आणि अस्तराखाली ते दिसतही नाही.