पत्र्याखालचे अलंकार

बारावीच्या मराठीची कृतिपत्रिका 80 गुणांची. त्यात व्याकरणाला 10, आणि त्या 10मध्ये अलंकारांच्या वाट्याला एक-दोन. घाटकोपर पश्चिमेला असल्फ्याच्या डोंगरउतारावर संध्याकाळी अभ्यासिका भरते, तिथं मी मुलांना मराठी शिकवतो, आणि या एक-दोन गुणांवरच आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. गुणांच्या हिशेबात हे बसत नाही. पण रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असं सगळं लिहायचं असतं. कवितेची ओळ नेमकं काय करते आहे हे ज्याला दिसत नाही, तो मग गाइडमधला तयार परिच्छेद उतरवतो. तो परिच्छेद कुठल्याही कवितेला चालतो, म्हणूनच तो कुठल्याच कवितेचा नसतो.

बारावीच्या ‘युवकभारती’ या पाठ्यपुस्तकात अनन्वय, अपन्हुती, अतिशयोक्ती आणि अर्थान्तरन्यास असे चार अलंकार आहेत. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक हे आधीच्या वर्गांत झालेले. मुलं येतात ती खुणांचे शब्द पाठ करून: ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा, ‘नव्हे’ दिसलं की अपन्हुती. मी फळ्यावर लिहितो, ‘हे घर नव्हे, दुकान आहे.’ वर्ग एका आवाजात म्हणतो, अपन्हुती! मग मी विचारतो, हे कोण म्हणतंय? पत्ता विचारत आलेल्या माणसाला शेजारी सांगत असेल, तर ती साधी माहिती, अलंकार कसला? पण सकाळपासून पाहुण्यांची रीघ लागलेली आई वैतागून म्हणत असेल, तर घर घरच आहे हे तिला ठाऊक असतं, आणि ठाऊक असूनच ती ते नाकारते. उपमेय लपवून उपमान पुढे करणं म्हणतात ते हे. शब्द तेच, अलंकार एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही. हे एकदा उमगलं की मुलं ओळीतला शब्द शोधायचं सोडून बोलणाऱ्याकडे बघायला लागतात.

म्हणून लक्षण आधी सांगायचं नाही, असा मी नेम केला आहे. आधी वाक्यं करायची, नाव शेवटी. विषय म्हणून मेट्रो दिली तर वाक्यं पुस्तकी येतात. मुंबईची शान वगैरे. पत्रा दिला की वर्ग जागा होतो, कारण बहुतेकांच्या डोक्यावर तोच आहे. एप्रिलमधला पत्रा हे उपमेय, तवा हे उपमान. पत्रा तव्यासारखा तापलाय, ही उपमा. पत्रा म्हणजे जणू तवाच, ही उत्प्रेक्षा. हा पत्रा नव्हेच, तवा आहे, ही अपन्हुती. तवासुद्धा याच्यापुढे गार, हा व्यतिरेक. आमच्या पत्र्यासारखा आमचाच पत्रा, हा अनन्वय; तुलनेला दुसरं काही सापडेना, म्हणून उपमेयालाच उपमान केलं. अतिशयोक्तीला तर चढाओढ लागते. पत्र्यावर बसायला आलेला कावळा भाजूनच खाली पडला, हे त्यातलं एक.

अडतं ते अर्थान्तरन्यासाशी. एका विशिष्ट गोष्टीच्या पाठीशी सर्वांना लागू पडणारं विधान उभं करायचं, किंवा सर्वसामान्य विधानाला एखादं विशिष्ट उदाहरण द्यायचं. बहुतेक मुलं कुठली तरी म्हण आणून चिकटवतात आणि ती लोंबकळत राहते. मागच्या बाकावरच्या, फारसं न बोलणाऱ्या एका मुलीनं लिहिलं होतं: ‘भर दुपारी पत्र्याखाली माझी आई शांतपणे फॉल-बिडिंग करते; ज्यांनी ऊन सोसलं, त्यांना सावलीची घाई नसते.’ मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. विशेष कुठलं, सामान्य कुठलं हे कुणाला विचारावं लागलं नाही. अर्धविरामावर बोट ठेवून मुलांनीच दोन भाग दाखवले. घरात हिंदी बोलणारी मुलं आमच्याकडे बरीच आहेत, त्यांनाही ते लगेच कळलं.

इतकी नावं हवीत कशाला, असा प्रश्न दरवर्षी येतो, आणि तो रास्त आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक, यमक. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’पर्यंत ते शंभराच्या वर गेले. यात शास्त्रकारांची हौस नव्हती असं नाही. पण ‘तव्यासारखा’ आणि ‘तवाच’ यांत काही तरी बदलतं हे कुणाच्या तरी कानाला जाणवलं, म्हणून दुसरं नाव आलं. आमची मुलं तोच फरक स्वतःच्या पत्र्यावर करून बघतात, तेव्हा नाव लक्षात ठेवायला त्यांना युक्ती लागत नाही.

परीक्षकाला अर्थात ठरावीक मांडणीच हवी असते, आणि ती द्यायलाच हवी. म्हणून सराव तसाच करून घेतो: ओळ, तिच्याखाली उपमेय, उपमान, मग अलंकाराचं नाव, मग वैशिष्ट्य एका वाक्यात. अर्थान्तरन्यासाला उपमेय-उपमानाऐवजी विशेष आणि सामान्य. त्या मुलीचं वाक्य आता सगळ्यांच्या वहीत आहे, आणि पुस्तकातल्या उदाहरणाच्या आधी ते लिहिलेलं आहे.