किम दोंग-यॉन

किम दोंग-यॉन (जन्म: २८ जानेवारी, १९५७) हे दक्षिण कोरियातील अर्थप्रशासक व राजकारणी आहेत. जून २०१७ ते डिसेंबर २०१८ या काळात ते राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांच्या सरकारात उपपंतप्रधान तथा अर्थमंत्री होते. २०२२ साली ते देशातील सर्वाधिक लोकसंख्येच्या ग्यॉन्गी प्रांताचे राज्यपाल म्हणून निवडून आले. दक्षिण कोरियात प्रांताचा राज्यपाल थेट जनतेच्या मतदानाने निवडला जातो व प्रांतिक प्रशासनाचा तोच कार्यकारी प्रमुख असतो.

सुरुवातीचे जीवन

किम यांचा जन्म उत्तर चुंगचॉन्ग प्रांतातील उमसॉंग येथे झाला. ते अकरा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले आणि कुटुंबाला सोलमधील चॉन्गेचॉन ओढ्याकाठच्या झोपडपट्टीत आश्रय घ्यावा लागला. पुढे ती वस्ती पाडण्यात आली व तेथील रहिवाशांना शहराबाहेर ग्यॉन्गी प्रांतात हलवण्यात आले. किम यांच्या कुटुंबाने तेथे काही काळ तंबूत काढला. तो भाग आज सॉंगनाम शहरात मोडतो.

घरची जबाबदारी असल्याने त्यांनी दॉक्सू वाणिज्य विद्यालयात शिक्षण घेतले आणि ते पूर्ण होण्यापूर्वीच, वयाच्या सतराव्या वर्षी, बँकेत नोकरी धरली. दिवसा नोकरी व रात्री महाविद्यालय अशा रीतीने त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. १९८२ साली ते संसदीय सेवा व प्रशासकीय सेवा या दोन्ही उच्चस्तरीय स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे त्यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातून सार्वजनिक धोरण या विषयात १९९३ मध्ये डॉक्टरेट संपादन केली.

प्रशासकीय कारकीर्द

किम यांची पहिली नेमणूक आर्थिक नियोजन मंडळात झाली. १९६१ मध्ये स्थापन झालेले हे मंडळ पंचवार्षिक योजना आखत असे व अर्थसंकल्पावरही त्याचे नियंत्रण होते. १९९४ मध्ये ते वित्त मंत्रालयात विलीन झाले. किम यांची ओळख मुख्यतः अर्थसंकल्पतज्ज्ञ म्हणून झाली. मधल्या काळात त्यांनी जागतिक बँकेतही काम केले.

रोह मू-ह्युन यांच्या कार्यकाळात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हिजन २०३०’ या दीर्घकालीन आराखड्याच्या कामात त्यांचा प्रमुख सहभाग होता. आर्थिक वाढ आणि समाजकल्याण ही परस्परविरोधी नसून परस्परपूरक आहेत, असे त्याचे मुख्य प्रतिपादन होते. त्यासाठी सुमारे १,१०० लाख कोटी वॉन लागतील असा अंदाज मांडला गेल्याने, हा करवाढीचा घाट आहे अशी टीका झाली व आराखडा बाजूला पडला.

सरकारे बदलली तरी किम यांची पदोन्नती थांबली नाही. ली म्युंग-बाक यांच्या काळात ते राष्ट्राध्यक्ष कार्यालयातील सचिव व पुढे उपमंत्री झाले, तर पार्क ग्युन-हे यांच्या काळात शासकीय धोरण समन्वय कार्यालयाचे मंत्री झाले. या पदावर असतानाच २०१३ मध्ये त्यांच्या थोरल्या मुलाचे आजाराने निधन झाले. २०१४ मध्ये त्यांनी पद सोडले. २०१५ ते २०१७ या काळात ते सुवॉन येथील आजू विद्यापीठाचे अध्यक्ष होते. विद्यार्थ्यांनी स्वतःचा अभ्यासविषय स्वतः आखून त्याचे श्रेयांक मिळवावेत, अशी योजना त्यांनी तेथे सुरू केली.

अर्थमंत्रिपद

मून सरकारचे आर्थिक धोरण ‘उत्पन्नाधारित वाढ’ या संकल्पनेवर उभे होते. कामगारांचे उत्पन्न वाढल्यास मागणी वाढेल व त्यातून अर्थव्यवस्थेला गती येईल, असा त्यामागील विचार होता. त्यानुसार २०१८ साठी किमान वेतन १६.४ टक्क्यांनी वाढवून ताशी ७,५३० वॉन करण्यात आले. २०१९ साठी ते ८,३५० वॉन ठरले.

२०१८ च्या मध्यात रोजगारवाढ मंदावली. जुलैमध्ये नोकरदारांची संख्या आदल्या वर्षीच्या तुलनेत केवळ सुमारे ५,००० ने वाढली. किमान वेतनवाढीचा रोजगारावर परिणाम होत असल्याचे किम यांनी मान्य केले व वाढीचा वेग तपासण्याची गरज मांडली. राष्ट्राध्यक्षांचे धोरणप्रमुख जांग हा-संग मात्र मूळ धोरणावर ठाम राहिले. किम यांचा भर नियमन सुधारणा व नवउद्योगांवर आधारित ‘नवोन्मेषी वाढी’वर होता. आर्थिक धोरणाचा अंतिम शब्द मंत्रालयाचा की राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा, असा प्रश्न या मतभेदांतून उभा राहिला. ९ नोव्हेंबर, २०१८ रोजी दोघांनाही एकाच वेळी बदलण्याचा निर्णय जाहीर झाला. डिसेंबरमध्ये हाँग नाम-की यांनी किम यांच्याकडून मंत्रालयाची सूत्रे घेतली.

राजकीय कारकीर्द

डिसेंबर २०२१ मध्ये किम यांनी ‘नवी लाट’ या अर्थाच्या नावाचा पक्ष स्थापन करून राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवण्याची तयारी केली. तथापि २ मार्च, २०२२ रोजी, मतदानाच्या एक आठवडा आधी, त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे ली जे-म्युंग यांना पाठिंबा देऊन माघार घेतली. ली यांचा युन सुक-यॉल यांच्याकडून पराभव झाला. एप्रिलमध्ये किम यांचा पक्ष डेमोक्रॅटिक पक्षात विलीन झाला व पक्षांतर्गत निवडणूक जिंकून ते ग्यॉन्गीचे उमेदवार ठरले.

१ जून, २०२२ च्या स्थानिक निवडणुकांत डेमोक्रॅटिक पक्षाला १७ पैकी केवळ ५ महानगर-प्रांत राखता आले. त्यांपैकी ग्यॉन्गी एक होता. पीपल पॉवर पक्षाच्या किम उन-हे रात्रभर आघाडीवर होत्या. पहाटे, मतमोजणी संपत आली असताना चित्र पालटले. किम दोंग-यॉन यांना ४९.०६ टक्के, तर प्रतिस्पर्ध्याला ४८.९१ टक्के मते मिळाली. अंतर अवघ्या ८,९१३ मतांचे होते. एका अपक्ष पुराणमतवादी उमेदवाराला याहून कितीतरी अधिक मते पडली होती.

राज्यपाल म्हणून त्यांनी प्रांताच्या उत्तर भागाचा स्वतंत्र विशेष स्वशासित प्रांत करण्याचा प्रस्ताव पुढे रेटला. उत्तर कोरियाच्या सीमेलगत असल्याने या भागावर लष्करी निर्बंध आहेत व दक्षिण भागाच्या तुलनेत त्याचा विकास मागे राहिला आहे. नवीकरणीय ऊर्जेचा वापर वाढवण्याचा कार्यक्रमही त्यांनी हाती घेतला.

युन यांना पदावरून दूर केल्यानंतर झालेल्या २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीसाठी किम यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली. एप्रिलमधील पक्षांतर्गत निवडणुकीत ली जे-म्युंग यांना ८९.७७ टक्के मते मिळाली, किम ६.८७ टक्के मतांसह दुसऱ्या क्रमांकावर राहिले.